दाबाची तेरीज : टर्बो इंजिनातील बूस्ट व व्हॅक्यूमचे दोष कसे शोधावेत

(बी. कॉम. भाग २)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या इंजिनावर लेख लिहावा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. परंतु गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत दादरा व नगर हवेलीतील गलोंडा या गावी मावशीकडे गेलो असता जे पाहिले, त्यात इंजिनाइतकाच हिशेबाचाही भाग होता. किंबहुना जमाखर्चाच्या तासाला शिकलेली एक गोष्ट मला तिथे, तेलकट हातांनी, दुसऱ्यांदा शिकायला मिळाली. म्हणून हा प्रपंच.

काकांची दहाबारा वर्षांची जुनी डिझेल जीपगाडी आहे. गलोंड्याहून सिल्वासापर्यंत माणसे नेणे-आणणे आणि सुटीच्या दिवशी खानवेलवरून दुधनीकडे जाणारे प्रवासी घेणे, यावर त्यांचे घर चालते. मी गेलो तेव्हा गाडीला दोन तक्रारी होत्या. पहिली, गाडी चढावर ओढत नव्हती. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला तरी इंजिन नुसते घरघरायचे आणि मागे काळा धूर सोडायचे. दुसरी तक्रार अधिक भीतीदायक होती. दुधनीचा उतार उतरताना चारपाच वेळा ब्रेक दाबला की पेडल दगडासारखे कडक व्हायचे. एका मोठ्या वर्कशॉपने गाडीला संगणक लावून पाहिला आणि अंदाजपत्रक दिले. टर्बो बदलणे पस्तीस हजार, ब्रेकचा बूस्टर बदलणे सहा हजार. एकूण एक्केचाळीस हजार रुपये. गाडीवरच्या कर्जाचे हप्ते अजून संपलेले नव्हते. मावशीने तो कागद देवाजवळ ठेवला होता. त्यावरून घरातील परिस्थितीची कल्पना यावी.

हा कागद बरोबर होता की चूक, हे ठरवण्यासाठी काय काय माहीत असावे लागते, ते प्रस्तुत लेखात क्रमाने मांडतो.

हवा, दाब आणि निर्वात

आपण सर्वजण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो. समुद्रसपाटीला या हवेचा दाब सुमारे १.०१३ बार, म्हणजे ७६० मिलिमीटर उंचीचा पारा तोलून धरण्याइतका असतो. पाऱ्याच्या नळीचा हा प्रयोग इटलीच्या टोरिचेली याने सतराव्या शतकात प्रथम केला. उंचावर गेले की दाब कमी होतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंच आहे. तिथे हा दाब साधारण सातवा हिस्सा कमी भरतो. म्हणूनच घाट चढून वर गेलेली बिनटर्बोची गाडी थोडी दमल्यासारखी वाटते.

या दाबापेक्षा जास्त दाब म्हणजे बूस्ट. आणि कमी दाब म्हणजे निर्वात, ज्याला गॅरेजमध्ये सरसकट व्हॅक्यूम म्हणतात. इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. व्हॅक्यूम ओढतो असे आपण म्हणतो, पण पोकळी काही ओढू शकत नाही. पडद्याच्या एका बाजूची हवा काढून घेतली की दुसऱ्या बाजूची हवा त्याला ढकलते, इतकेच. त्यामुळे समुद्रसपाटीला व्हॅक्यूम कितीही चांगला केला तरी तो ७६० मिलिमीटरच्या पलीकडे जाऊ शकत नाही. शिलकीत जितके आहे त्यापेक्षा जास्त खर्च करता येत नाही, तसेच हे आहे.

मोजमापाचे दोन प्रकारही लक्षात ठेवावेत. साधे गेज बाहेरच्या हवेला शून्य धरते. गाडीतला दाबाचा सेन्सर मात्र खऱ्या पोकळीला शून्य धरतो. गेजवर १ बार बूस्ट असेल तेव्हा सेन्सर सुमारे २ बार दाखवील. दोघेही खरेच बोलत असतात, फक्त आरंभीची शिल्लक वेगळी धरलेली असते. हा फरक न कळल्यामुळे चांगला सेन्सर बिघडलेला ठरवला जातो.

टर्बो काय करतो?

इंजिन म्हणजे हवा आणि इंधन यांची भागीदारी. एक किलो डिझेल पूर्ण जळायला सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. इंधन वाढवणे सोपे आहे, पंपाने जास्त सोडले की झाले. खरी टंचाई हवेची असते. अडीच लिटरचे चार स्ट्रोकचे इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल तर ते मिनिटाला जास्तीत जास्त २,५०० लिटर हवा घेऊ शकते, कारण दोन फेऱ्यांत एकदाच ते आपले पोट भरते. तेवढ्याच पोटात जास्त हवा दाबून भरली तर जास्त इंधन जाळता येईल आणि जास्त शक्ती मिळेल.

ही हवा दाबण्यासाठी लागणारी शक्ती इंजिनातून बाहेर फेकल्या जाणाऱ्या गरम वायूपासूनच मिळवावी, ही कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरची. त्याचे पेटंट १९०५ सालचे आहे. १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने विमानाचे इंजिन सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या पाइक्स पीक या पर्वतावर नेऊन, विरळ हवेतही टर्बोमुळे इंजिनाची शक्ती टिकते हे दाखवून दिले. आपल्याकडे १९९८ साली पुण्याच्या टेल्कोने, म्हणजे नंतरच्या टाटा मोटर्सने, सफारी ही टर्बो डिझेल गाडी आणली, तर २००२ साली महिंद्राची स्कॉर्पिओ नाशिकच्या कारखान्यातून बाहेर पडली. त्यानंतर डिझेल गाडीला टर्बो असणे ही नवलाईची गोष्ट राहिली नाही.

टर्बोच्या एका दांड्याच्या दोन टोकांना दोन चाके असतात. एका बाजूचे टर्बाइन गरम वायूने फिरते, दुसऱ्या बाजूचा कॉम्प्रेसर ताजी हवा दाबतो. हा दांडा मिनिटाला एक लाखापेक्षा जास्त फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत राहतो. दाबलेली हवा तापते. बाहेरची हवा ३० अंश असताना दाब दुप्पट केला तर ती शंभर अंशांच्या पुढे जाते. आणि तापलेली हवा प्रसरण पावून पुन्हा विरळ होते. म्हणून ती इंटरकूलरमधून थंड करून मग इंजिनाला देतात. फिल्टर, कॉम्प्रेसर, रबरी पाइप, इंटरकूलर, पुन्हा पाइप आणि शेवटी मॅनिफोल्ड, असा हा हवेचा मार्ग आहे. मार्ग लांब, सांधे अनेक. आणि सांधा तेथे गळतीची शक्यता.

आमच्या घरी बोलणे कानडी आणि माझी शाळा मराठी. कानडीत हवेला 'गाळी' म्हणतात. काकांच्या गाडीखाली पडल्यापडल्या मला वाटले, 'गाळी' आणि 'गळती' हे शब्द इतके जवळचे उगीच नसावेत. भाषाशास्त्राच्या प्राध्यापकांनी हा विनोद पोटात घालावा.

दोन लगामांची गोष्ट

टर्बोला लगाम नसेल तर वेग वाढेल तसा दाब वाढत जाऊन इंजिन फुटेल. हा लगाम मुख्यतः दोन प्रकारचा असतो आणि निदानातील निम्मे घोटाळे हा फरक न समजल्यामुळे होतात.

पहिला प्रकार वेस्टगेटचा. यात टर्बाइनला वळसा घालून वायू बाहेर सोडणारे एक झडपदार दार असते. साध्या रचनेत बूस्टचाच दाब एका बारीक नळीने पडद्याच्या डबीत, म्हणजे ॲक्च्युएटरमध्ये जातो आणि ठरलेल्या मर्यादेला दार उघडतो. ही नळी फुटली तर दार उघडणारच नाही आणि बूस्ट प्रमाणाबाहेर वाढेल.

दुसरा प्रकार बदलत्या पात्यांचा. टर्बाइनभोवती हलणारी पाती असतात. ती मिटली की वायूची वाट अरुंद होते, वायूचा झोत जोरदार होतो आणि इंजिन सावकाश फिरत असतानाही बूस्ट मिळतो. पाती उघडली की झोत मंदावतो. अनेक डिझेल गाड्यांत ही पाती व्हॅक्यूमने मिटतात. व्हॅक्यूम नसेल तर स्प्रिंग त्यांना उघडी ठेवते. म्हणून इथे नळी फुटली तर बूस्ट वाढत नाही, उलट कमी होतो.

म्हणजे एकच दोष, बारीक नळीची गळती, एका गाडीत जास्त बूस्ट देईल आणि दुसऱ्या गाडीत कमी. नावे की जमा, हे खाते कोणते यावर ठरते. तसेच हे आहे. आपल्या गाडीत कोणता लगाम आहे हे पाहिल्याशिवाय एकही निष्कर्ष काढू नये.

डिझेल इंजिनात व्हॅक्यूम कोठून येतो, हाही प्रश्न महत्त्वाचा. पेट्रोल इंजिनात थ्रॉटलची झडप हवा अडवते, त्यामुळे तिच्यामागे मॅनिफोल्डमध्ये आपोआप व्हॅक्यूम तयार होतो. डिझेलमध्ये हवा अशी अडवून शक्ती कमीजास्त करत नाहीत. म्हणून इंजिनावर चालणारा वेगळा व्हॅक्यूम पंप बसवलेला असतो. हा एकच पंप ब्रेकच्या बूस्टरला आणि टर्बोच्या नियंत्रणालाही व्हॅक्यूम पुरवतो. काही गाड्यांत आणखीही एकदोन वाटेकरी असतात. काकांच्या दोन तक्रारींचे रहस्य या एका वाक्यात होते.

तपासणीचा क्रम

गलोंड्याजवळ एक वयस्कर मिस्त्री आहेत. काका त्यांच्याकडे गाडी घेऊन गेले ते दुसरे मत घ्यावे म्हणून. त्यांनी पहिल्यांदा बॉनेट उघडले नाही. खुर्ची दिली आणि प्रश्न विचारले. पुढील क्रम त्यांच्या कामावरून आणि नंतर केलेल्या वाचनावरून मांडला आहे.

१. तक्रार नीट लिहून घ्यावी. गाडी कमी वेगात ओढत नाही की जास्त वेगात? अचानक झाले की हळूहळू? बंद करून पुन्हा चालू केली की थोडा वेळ बरी चालते का? असे होत असेल तर संगणकाने इंजिनाला सुरक्षिततेसाठी आखडते घेतले आहे, असा संशय घ्यावा. धुराचा रंग पाहावा. डिझेल गाडीत काळा धूर म्हणजे इंधनाच्या मानाने हवा कमी. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल किंवा पाण्याची वाफ. आवाजही ऐकावा. पाय दाबताच फुस्स असा आवाज आला तर दाबाच्या बाजूला गळती, आणि नवीनच शिट्टी किंवा घासल्याचा आवाज आला तर टर्बोकडे लक्ष द्यावे.

२. संगणकाचा कोड वाचावा, पण त्याला निकाल समजू नये. पी ०२९९ हा कोड 'बूस्ट अपेक्षेपेक्षा कमी' इतकेच सांगतो. पी ०२३४ म्हणजे 'बूस्ट प्रमाणाबाहेर'. कमी का झाला, हे कोड सांगत नाही. तेरीज जुळत नाही असे कळणे वेगळे आणि चूक कोणत्या खात्यात आहे हे कळणे वेगळे.

३. सेन्सर खरे बोलतो का ते पाहावे. किल्ली फिरवून, पण इंजिन चालू न करता, दाबाच्या सेन्सरचे वाचन घ्यावे. ते बाहेरच्या हवेइतके, म्हणजे सिल्वासाच्या परिसरात १,००० मिलिबारच्या आसपास असले पाहिजे. इथेच मोठा फरक असेल तर पुढची सर्व वाचने संशयास्पद ठरतात.

४. हवेचा मार्ग डोळ्यांनी व हातांनी तपासावा. फिल्टर चोंदलेला आहे का? फिल्टर व टर्बो यांमधला पाइप फाटला असेल तर धूळ थेट कॉम्प्रेसरच्या पात्यांवर जाते. टर्बोनंतरच्या पाइपावर तेलाचा ओलसर डाग आणि त्यावर धूळ दिसली तर तिथून हवा बाहेर पडते असे बहुधा समजावे, कारण टर्बोतून येणाऱ्या हवेत तेलाचा किंचित अंश असतो आणि तो गळतीच्या जागी आपली खूण ठेवतो. पाइप खालच्या बाजूनेही चाचपावा. फाट पुष्कळदा पाठमोरी असते.

५. व्हॅक्यूम तपासावा. इंजिन चालू करताना एकाने ॲक्च्युएटरच्या दांडीकडे पाहावे. बदलत्या पात्यांच्या टर्बोत पुष्कळ गाड्यांत इंजिन चालू होताच दांडी ओढली जाते आणि बंद करताच परत येते. ती हललीच नाही तर दोष तीन ठिकाणी असू शकतो : व्हॅक्यूम पोचत नाही, डबीचा पडदा फाटला आहे, किंवा पाती काजळीने जाम झाली आहेत. हे तिन्ही वेगळे करण्यासाठी हाताने चालवायचा लहान व्हॅक्यूम पंप पुरतो. तो थेट डबीला लावावा. दांडी अडखळल्याशिवाय पूर्ण हलली आणि काटा जागेवर स्थिर राहिला तर डबी आणि पाती दोन्ही ठीक. काटा खाली घसरला तर पडदा फाटका. काटा स्थिर पण दांडी हलत नाही, तर पाती जाम.

६. डबी ठीक असेल तर उगमाकडे जावे. मुख्य पंपाला गेज लावावे. चांगला पंप इंजिन नुसते चालू असताना काही सेकंदांत साधारण ६०० ते ७०० मिलिमीटर व्हॅक्यूम देतो. पंपापाशी पुरेसा आणि डबीपाशी अपुरा असेल तर मधल्या वाटेत, म्हणजे नळ्या, सांधे, साठवणीची डबी अथवा संगणकाच्या हुकमाने चालणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह यांत दोष आहे. प्रत्येक फांदी आळीपाळीने टोपण लावून बंद करावी आणि काटा कधी वर उडी मारतो ते पाहावे. ज्या फांदीला टोपण लावल्यावर काटा वर गेला, तीच गळकी.

७. दाबाची परीक्षा घ्यावी. इंजिन बंद ठेवून टर्बोच्या तोंडाला घट्ट टोपण बसवावे, त्यातून नियंत्रित दाबाने हवा सोडावी आणि सर्व सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर काढताना आपण जे करतो तेच हे. दाब गाडीच्या नेहमीच्या बूस्टपेक्षा जास्त नेऊ नये आणि टोपणासमोर उभे राहू नये. निसटलेले टोपण दगडासारखे येते.

८. एक्झॉस्टची बाजू विसरू नये. टर्बाइनच्या आधी गॅस्केट फुटले असेल तर टर्बोला फिरवणारा वायूच वाटेत निसटतो. तिथे काजळीचा काळा ओरखडा दिसतो आणि टकटक आवाज येतो. टर्बाइनच्या पुढे सायलेन्सरची वाट तुंबली असेल तर वायूला जायला जागा राहत नाही.

९. सर्वांत शेवटी टर्बो. इंजिन बंद आणि थंड असताना दांडा बोटांनी हलवून पाहावा. तो तेलावर तरंगणारा असल्याने आडवा किंचित हलणे स्वाभाविक आहे. एवढ्यावरून टर्बो गेला असे म्हणणे चूक होय. मात्र पुढेमागे हालचाल जाणवली, पाती कवचाला घासल्याच्या खुणा दिसल्या किंवा पाइपात तेल साचलेले आढळले, तर टर्बो दोषी.

हा क्रम असा का? कारण पहिल्या पायऱ्यांना पैसा लागत नाही, मधल्यांना थोडा लागतो आणि शेवटचीला पस्तीस हजार लागतात. स्वस्त शंका आधी फेडाव्यात. वर्कशॉपने कोड वाचून एकदम शेवटच्या पायरीवर उडी मारली होती.

काकांच्या गाडीत काय निघाले?

मिस्त्रींनी हातपंप डबीला लावला. दांडी सरळ हलली, काटा स्थिर राहिला. म्हणजे पडदा शाबूत, पाती मोकळी. टर्बोचा दांडाही ठीक होता. नंतर त्यांनी मुख्य पंपाला एकट्यालाच गेज लावले : ६८० मिलिमीटर. सर्व नळ्या जोडल्यावर काटा ३८० वर आला. तीनशे मिलिमीटर कोठे गेले? ब्रेककडे जाणाऱ्या जाड नळीला टोपण लावले, काटा हलला नाही. टर्बोकडे जाणाऱ्या बारीक नळीला टोपण लावताच काटा पुन्हा ६८० वर गेला. गळती बारीक नळीच्या मार्गात होती. तो मार्ग हाताने चाचपत गेल्यावर इंजिनाच्या मागच्या बाजूला, उष्णतेने कडक होऊन तडकलेला रबराचा एक कोपरा सापडला. तो लांबीने माझ्या करंगळीएवढा होता.

आता ब्रेकचा हिशेब पाहा. बूस्टरच्या पडद्याचा व्यास २५ सेंटीमीटर धरला तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४९० चौरस सेंटीमीटर होते. ६८० मिलिमीटर व्हॅक्यूमला दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ०.९२ किलो दाबाचा फरक मिळतो, म्हणजे ब्रेकला जास्तीत जास्त ४५० किलोंची मदत. ३८० मिलिमीटरला हीच मदत २५० किलोंवर येते. पेडलच्या तरफेमुळे पायावर येणारा भार याहून कमी असतो, तरी दोनशे किलोंची ही तूट काही प्रमाणात चालकाच्या पायालाच भरून काढावी लागते. शिवाय प्रत्येक वेळी ब्रेक दाबला की साठ्यातला व्हॅक्यूम थोडा खर्च होतो, आणि गळतीमुळे पंप तो वेळेवर भरून काढू शकत नाही. उतारावर चारपाच दाबांनंतर पेडल कडक का होई, हे यावरून कळेल. सहा हजारांचा नवा बूस्टर बसवला असता तरी पेडल तसेच कडक राहिले असते. आणि ब्रेक नवे केले या विश्वासाने काका आठदहा माणसे घेऊन पुन्हा दुधनीचा उतार उतरले असते. हा विचार मनात आला तेव्हा एक्केचाळीस हजारांचा आकडा मला लहान वाटला.

रबराचा कोपरा आणि त्याला जोडलेली नळी बदलायला शंभर रुपयेही लागले नाहीत. ब्रेकची परीक्षा मिस्त्रींनी अशी घेतली : इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत अनेक वेळा दाबले, पाय तसाच दाबून ठेवला आणि इंजिन चालू केले. पेडल पायाखाली किंचित खाली गेले. ही परीक्षा कोणालाही घरच्या अंगणात करता येते. पेडल खाली गेले नाही तर गाडी रस्त्यावर काढू नये.

काका लगेच पैसे द्यायला लागले. मिस्त्री म्हणाले, "भाऊ, थांबा. एक चूक सापडली म्हणजे दुसरी नाही असं कुठं आहे?" चढावर नेऊन पाहिले तर गाडी पुष्कळ सुधारली होती, तरी भर ओझ्याला बूस्ट थोडा कमीच भरत होता. मग साबणाचे पाणी आले आणि इंटरकूलरच्या खालच्या पाइपाशी बुडबुडे दिसले. क्लॅम्प सैल होता. स्क्रू-ड्रायव्हरचे चार वेढे, आणि खाते बंद झाले.

पेट्रोल गाडीबद्दल थोडेसे

अलीकडे लहान पेट्रोल गाड्यांनाही टर्बो असतो. तिथे एक गंमत आहे. एकाच मॅनिफोल्डमध्ये इंजिन नुसते चालू असताना व्हॅक्यूम असतो आणि पाय दाबल्यावर बूस्ट. त्यामुळे ब्रेककडे जाणाऱ्या नळीत हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप लागते. ती बिघडली तर बूस्टची हवा उलटी ब्रेकच्या बूस्टरमध्ये शिरू शकते. मॅनिफोल्डमध्ये फट असेल तर ती नुसत्या चालू स्थितीत बाहेरची हवा आत घेते आणि बूस्टच्या वेळी आतली हवा बाहेर सोडते. म्हणून इंजिन थांबल्या जागी डचमळते आणि चढावर दमते.

अशा इंजिनाला व्हॅक्यूम गेज लावले तर, साध्या बांधणीचे निरोगी इंजिन समुद्रसपाटीजवळ साधारण ४३० ते ५३० मिलिमीटर दाखवते. काटा स्थिर पण कमी असेल तर हवेची गळती किंवा ठिणगीची वेळ चुकलेली. काटा ठरावीक लयीत फडफडत असेल तर एखाद्या व्हॉल्व्हचा दोष. आणि इंजिनाचा वेग वाढवून धरल्यावर काटा हळूहळू उतरू लागला तर तुंबलेला एक्झॉस्ट, असा सर्वसाधारण नियम आहे. महाबळेश्वरसारख्या ठिकाणी हीच वाचने कमी येतील हे विसरू नये.

दोष होऊच नये म्हणून

टर्बो मरतो तो बहुधा तेलावाचून अथवा धुळीने. म्हणून सांगितलेल्या दर्जाचे तेल वेळेवर बदलावे. थंड इंजिन चालू करताच जोरात पळवू नये. घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नये, मिनिटभर नुसते चालू ठेवावे. तापलेल्या दांड्यावरचे तेल अडकून जळण्यापासून वाचते. फिल्टर काढून गाडी चालवू नये. आणि रबराच्या नळ्यांना वर्षातून एकदा तरी हात लावून पाहावा. रबर आधी कडक होते, मग तडकते. कडक झालेले हाताला कळते.

समारोप

वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना तेरीज न जुळण्याचा अनुभव आहेच. फरकाला नऊने भाग जात असेल तर अंकांची अदलाबदल झाली का ते पाहावे, फरकाच्या निम्मी रक्कम एखाद्या खात्यात चुकीच्या बाजूला गेली आहे का ते पाहावे, असे आम्हांला शिकवतात. फरक नुसता उचंत खात्यात टाकून मोकळे होणे सोपे असते. टर्बो बदला, बूस्टर बदला, हे तसेच उचंत खाते होय. चूक जिथल्या तिथे राहते, आणि किंमत मात्र गिऱ्हाईक भरते.

आणखी एक धडा आम्ही पाठ करतो, पण मनावर घेत नाही : तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबरच आहे असे नाही, काही चुका तेरजेत दिसतच नाहीत. काकांच्या गाडीच्या संगणकाने कमी बूस्टची नोंद केली होती. कडक होणाऱ्या ब्रेकबद्दल त्यात एक अक्षर नव्हते. जी चूक जिवावर बेतली असती, ती कोणत्याही पडद्यावर उमटली नव्हती. ती फक्त काकांच्या पायाला ठाऊक होती. म्हणून यंत्र वाचावेच, पण त्याआधी यंत्र चालवणाऱ्या माणसाला खुर्ची द्यावी आणि त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. मिस्त्रींनी तेच केले.

सुटी संपवून निघालो त्या दिवशी काकांनी मला त्याच गाडीतून सिल्वासापर्यंत सोडले. मावशीने देवाजवळचे अंदाजपत्रक काढले होते. त्याच्या कोऱ्या पाठीवर वाणसामानाची यादी लिहून तिने ते काकांच्या खिशात घातले.